चौथा ठिपका

"ताई, झडप बसली. आईला सांग, तुझा मुलगा शेवटी नळ दुरुस्त करायला शिकला. तिला म्हणावं, आता मोरीतला..."

एवढंच ऐकू आलं आणि आवाज तुटला. मृण्मयी सातपुते अजून हसतच होती. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून रेडिओसंदेश यायला पाच सेकंद लागतात. त्यामुळं सासवडच्या माळावरच्या नियंत्रण केंद्रात ती हसत होती, तेव्हा तिकडं हेलियमची बाटली फुटून गेली होती. तिचा धाकटा भाऊ ओजस तोवर काळोखात फेकला गेला होता. सकाळचे नऊ वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

ओजस तेहतीस वर्षांचा. तो आणि कमांडर शर्मिष्ठा घाडी असे दोघंच 'टिटवी' नावाच्या छोट्या दुरुस्ती यानातून 'कृत्तिका' या दुर्बिणीपाशी गेले होते. दुर्बिणीला थंड ठेवणारा हेलियम संपत आला होता. नवी बाटली जोडायची आणि परतायचं, एवढंच काम होतं. बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं ओजसची सुरक्षादोरी तुटली. दुर्बिणीच्या सूर्याकडच्या बाजूला टेनिसच्या मैदानाएवढा चकचकीत पातळ पडदा होता, तो एका कोपऱ्यात फाटला आणि त्याच्या शेकडो चिंध्या चहूकडं उधळल्या. एक तुकडा टिटवीच्या इंधनटाकीत घुसला.

"ओजस, बोल. ओजस." घाडी सतत हाका मारत होत्या. उत्तर येत नव्हतं. मग त्यांनी केंद्राला सांगितलं, "त्याच्या पाठीवरचा रेडिओचा डबा मी तुटताना पाहिला. दिवाही त्याच डब्यावर होता. प्राणवायूची टाकी वेगळी असते, ती शाबूत वाटली."

"प्राणवायू किती पुरेल?" मृण्मयीनं विचारलं. दहा सेकंदांनी उत्तर आलं.

"चार वाजेपर्यंत. माझी एक टाकी गळतेय. दुसरीत आहे तेवढ्यात कुठंतरी एकदाच जाऊन परत येता येईल. कुठं जायचं ते तुम्ही सांगा."

आणि कुठं जायचं हेच कळत नव्हतं. टिटवीच्या रडारवर तीनशेच्या वर ठिपके होते. कॅमेऱ्यातून पाहावं तर सगळं आभाळ लुकलुकत होतं. उन्हात गरगर फिरणारी प्रत्येक चिंधी पांढऱ्या सूटमधल्या माणसाएवढीच चमकत होती. त्यांतले माणसाच्या आकाराचे ठिपके निवडले, तरी एकोणीस उरले.

साडेदहाला आईचा फोन आला. ती सिन्नरला एकटी राहायची. बातमी टीव्हीवर आली होती.

"तू तिथंच आहेस ना?" आईनं विचारलं.

"हो."

"दुसरं कोणी नाही ना बसलं तुझ्या जागेवर?"

"नाही, आई. मीच आहे."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मृण्मयीला वाटलं, आई ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं.

तिचं काम होतं कृत्तिका चालवण्याचं. ही दुर्बीण उजेडाऐवजी ऊब पाहायची. तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या अवाढव्य ढगांत. हे ढग इतके थंड असतात की आपला बर्फ त्यांच्यापुढं निखारा वाटावा. एखाद्या ठिकाणी ढग जरा दाट होतो आणि स्वतःच्याच वजनानं आत कोसळू लागतो. मधला गोळा दाबला जातो, दाबला की तापतो. पण त्याच्याभोवती धुळीचं जाड कवच असतं आणि त्यातून उजेड बाहेर पडत नाही. बाहेर पडते ती फक्त ऊब, म्हणजे अवरक्त किरण. साध्या दुर्बिणीला तिथं काळा डाग दिसतो, कृत्तिकेला त्या डागाच्या पोटातला गोळा दिसायचा. मात्र दुसऱ्याची एवढी बारीक ऊब पाहायची, तर पाहणाऱ्याला स्वतः ऊब असून चालत नाही. म्हणून कृत्तिका निरपेक्ष शून्याच्या जेमतेम सहा अंश वर ठेवलेली होती.

गेली चार वर्षं ती अशाच एका गोळ्याकडं पाहत होती. आतलं तापमान दोन हजार अंशांकडं सरकत होतं. त्या तापमानाला हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात आणि फुटताना उष्णता गिळतात. आतून तोलून धरणारा दाब अपुरा पडतो, आणि हजारो वर्षं रेंगाळलेला गोळा काही आठवड्यांत आत कोसळतो. जे उरतं तो तारा. ही घटना माणसानं कधीच पाहिलेली नव्हती. डॉ. इंदुमती हिवाळे यांनी ती पाहण्यासाठी बावीस वर्षं घातली होती. कृत्तिकेची कल्पना त्यांची, आराखडा त्यांचा. त्यांच्या हिशेबानं तो क्षण येत्या दोन महिन्यांत होता.

अकरा वाजता मृण्मयी त्यांच्या टेबलापाशी गेली. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवलं होतं.

"मॅडम, त्या एकोणीस ठिपक्यांत..."

"ज्याला ऊब आहे तो ओजस," हिवाळे म्हणाल्या. "मी तासभर तेच गणित करून पाहतेय. दुर्बीण तिकडं वळवली की फाटक्या पडद्यातून ऊन आत येईल. सतरा-अठरा मिनिटांत ती आंधळी होईल. पुन्हा थंड करायला हेलियम नाही."

"हो."

"म्हणजे कायमची."

"हो, मॅडम."

हिवाळ्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी संचालकांना फोन लावला, दोन वाक्यांत निर्णय सांगितला आणि समोरून कोणी बोलत असतानाच रिसीव्हर ठेवून दिला. मग त्यांनी मृण्मयीकडं पाहिलं.

"खुर्चीवर मी बसू? तुझा भाऊ आहे."

"नको. माझा हात बसलेला आहे. तुम्हाला वेळ लागेल."

हे खरंच होतं. पण पुढं कित्येक वर्षं तिला वाटत राहिलं, की तेव्हा उठायला हवं होतं.

अकरा छप्पन्नला कृत्तिका वळली. संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात तिचं तापमान दिसत होतं, सहा पूर्णांक चार. पहिला ठिपका चिंधी निघाला. दुसरा चिंधी. तिसऱ्यावर नुसता काळोख. तापमान सहा पूर्णांक नऊ.

चौथ्यावर पडदा उजळला. ही दुर्बीण दूरच्या ताऱ्यांसाठी बनवलेली, वीस किलोमीटरवरची वस्तू तिला नीट दिसत नाही. बांगडीसारखं एक धूसर कडं दिसलं. पण ते ऊबदार होतं. चिंध्यांपेक्षा कितीतरी पट तेजस्वी.

"तोच!" मागून कोणीतरी ओरडलं. खोलीत टाळ्या वाजल्या.

"थांबा," मृण्मयी म्हणाली. "अवजारांची पेटीही उडाली आहे. तिच्यात हीटर असतो."

टाळ्या बंद झाल्या. ती पुढं सरकली. पाच, सहा, सात. तापमान आठ. दहावा, अकरावा ठिपका. तेराव्या ठिपक्यावर तसंच दुसरं कडं दिसलं, जरासं फिकट. दोन्ही दोन बाजूंना पळत होते. एक ओजस होता, एक पेटी. टिटवी एकाकडंच जाऊ शकत होती.

"वाफ," हिवाळे म्हणाल्या.

मृण्मयीच्याही मनात तेच होतं. अंतराळातला सूट शरीराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी सतत थोडं थोडं पाणी पोकळीत सोडतो. माणसाभोवती वाफेचं विरळ आवरण राहतं. पेटीभोवती ते नसणार. येणाऱ्या किरणांचा वर्णपट काढला, तर पाण्याची खूण लगेच ओळखू येते. पण वर्णपटाला चार मिनिटं लागत, आणि तापमान साडेनऊवर पोचलं होतं. बाराच्या पुढं काहीच दिसणार नव्हतं. दुर्बीण वळवण्याचा वेळ धरला तर एकाचाच वर्णपट निघणार होता.

तिनं चौथ्याचा घ्यायचं ठरवलं. तो अधिक ठळक होता, चूक होण्याची शक्यता कमी.

बारा वाजून नऊ मिनिटांनी वर्णपट सुरू झाला, बारा तेराला संपला. पडद्यावर एक रेघ उमटली. जिथं पाण्याची खूण असायला हवी होती, तिथं रेघ सपाट होती.

"वाफ नाही," मृण्मयी म्हणाली. "चौथा ठिपका पेटी आहे. तेरावा ओजस."

"किंवा त्याच्या सूटची थंडावा-यंत्रणा मोडली असेल," हिवाळे हळूच म्हणाल्या.

"स्फोटात मोडली असती तर अडीच तास झालेत, मॅडम. त्या सूटमध्ये अडीच तास थंडाव्याशिवाय..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "मग तो चौथा असला तरी गेलेला आहे. जिवंत असेल तर तेरावाच."

यात कुठंही चूक नव्हती. खोलीतल्या प्रत्येकानं ते तपासलं. बारा वीसला टिटवी तेराव्या ठिपक्याच्या दिशेनं निघाली. तोवर कृत्तिकेचं तापमान बाराच्या वर गेलं होतं आणि मृण्मयीसमोरचा पडदा राखाडी झाला होता. हिवाळे काही वेळ त्या राखाडी पडद्याकडं पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कोणालातरी चहा आणायला सांगितलं.

आता वाट पाहण्याखेरीज काही उरलं नव्हतं. मृण्मयीला ते सहन होईना. हातांना काम हवं म्हणून तिनं सगळं मोजमाप पुन्हा उघडलं. चौथ्या ठिपक्याची पहिली प्रतिमा अकरा अठ्ठावन्नची. नंतर बारा नऊ ते बारा तेराचा वर्णपट. तिनं दोन्हींतली एकूण ऊब मोजली. नंतरची जास्त होती. साहजिकच होतं, दुर्बीण स्वतःच तापत होती. तिनं दुर्बिणीची ऊब वजा केली.

तरीही जास्त होती. सात टक्के.

तिनं पुन्हा वजाबाकी केली. मग वर्णपटाच्या चार मिनिटांचे तुकडे पाडले. पहिल्या मिनिटापेक्षा दुसऱ्यात थोडी अधिक, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात. पेटीचा हीटर ठरावीक तापमानाला बंद होतो. पेटी अशी सावकाश तापत जात नाही.

चौथा ठिपका तापत होता. आणि ती चढण मागं नेली, तर सुरुवात अकरा छप्पन्नच्या आसपास येत होती. म्हणजे कृत्तिका वळली तेव्हा.

मृण्मयी उठून उभी राहिली.

ओजसला दुर्बीण दिसली होती. वीस किलोमीटरवरून त्यानं टेनिसच्या मैदानाएवढा तो चकचकीत पडदा उन्हात फिरताना पाहिला होता. दुर्बीण आपल्याला शोधतेय हे त्याला कळलं होतं. ती चालवतंय कोण हे माहीत होतं, तिला काय दिसतं हेही माहीत होतं. म्हणून त्यानं स्वतःला तापवलं. थंडावा बंद केला, हातमोज्यांतले हीटर पूर्ण सोडले, चेहऱ्यावरची, ऊब अडवणारी सोनेरी झापड वर केली असणार. बहिणीला आपण ठळक दिसावं म्हणून.

वाफ होती. त्यानं ती स्वतःच्या हातानं बंद केली होती.

आणि त्या सूटची थंडावा-यंत्रणा एकदा बंद केली, की यानात परतून पुन्हा दाब भरल्याशिवाय सुरू होत नाही. हेही त्याला पाठ होतं.

"कमांडर, मागं वळा!" तिनं माइक ओढला. "तो चौथा आहे. मी चुकले. चौथा."

दहा सेकंद.

"खात्री आहे?" घाडींचा आवाज शांत होता. "वीस मिनिटांत मी तेराव्यापाशी पोचते. डोळ्यांनी बघून सांगते."

"वीस मिनिटं अजून तिकडं गेलात, तर वळायला इंधन उरेल?"

दहा सेकंद.

"नाही. आत्ता वळले तर चौथ्यापर्यंत जाईन. परत मात्र येणार नाही. खात्री आहे का, ते सांग."

मृण्मयीनं हिवाळ्यांकडं पाहिलं. हिवाळे वाकून तिचे आकडे वाचत होत्या. त्यांचं बोट सात टक्क्यांवर थांबलं होतं.

"नाही," मृण्मयी म्हणाली. "खात्री नाही. सात टक्के ऊब वाढली आहे, पंधरा मिनिटांत. एवढंच आहे माझ्याकडं. आणि तो माझा भाऊ आहे, तो असंच करेल, हे आहे. तुम्ही अडकाल. सोडवायला यान यायला दोन आठवडे लागतील. मी तुम्हाला जा म्हणू शकत नाही."

या वेळी दहा सेकंदांहून जास्त वेळ गेला. पंधरा, वीस. बारा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"मी दोन महिने त्याच्याबरोबर या डब्यात राहिलेय," घाडी म्हणाल्या. "असंच करेल तो. वळतेय."

एक तास चौतीस मिनिटं गेली. त्या वेळात मृण्मयीनं दुसरं काहीच केलं नाही. ती एका कागदावर हिशेब मांडत राहिली. माणसाचं शरीर बंद सूटमध्ये तासाला साधारण दीड-पावणेदोन अंशांनी तापतं. अकरा छप्पन्नला सदतीस. एक वाजता जवळपास एकोणचाळीस. दोन वाजता साडेचाळीस. ती आकडा लिहायची, खोडायची, पुन्हा तोच लिहायची. आईचा फोन दोनदा वाजला. तिनं घेतला नाही.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी घाडींचा आवाज आला.

"माणूस आहे. माणूसच आहे. झापड उघडी आहे. डोळे मिटलेत."

खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आत घेऊन सूट उतरवायला नऊ मिनिटं लागली. मग घाडींनी आकडा सांगितला. "एकेचाळीस पूर्णांक आठ. नाडी आहे. शुद्ध नाही. झटके येताहेत. मी त्याच्या अंगावर पिण्याचं पाणी ओततेय. डॉक्टरांना बोलवा कोणीतरी."

नंतर अर्ध्या तासानं चाळीस पूर्णांक नऊ. मग चाळीस. संध्याकाळपर्यंत साडेअडतीस. दर आकड्यासरशी लोक मृण्मयीच्या खांद्यावर हात ठेवत होते. तू वाचवलंस त्याला, म्हणत होते. ती मान हलवत होती आणि मनात वजाबाकी करत होती. टिटवी बारा वीसला सरळ चौथ्याकडं निघाली असती, तर सव्वा वाजता पोचली असती. तेव्हा त्याचा ताप एकोणचाळीस पूर्णांक दोन असता. तेवढ्यानं माणसाला काही होत नाही.

दुसऱ्या एका देशाचं मालवाहू यान तेराव्या दिवशी पोचलं. घाडी आठ किलो बारीक झाल्या होत्या, बाकी धडधाकट होत्या. ओजस जिवंत होता.

पाच महिन्यांनी जमिनीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी त्या काळ्या ढगाच्या पोटातून दोन बाजूंना निघणारे वायूचे झोत टिपले. तारा झालेला होता. तो नेमका कोणत्या आठवड्यात कोसळला आणि कसा, हे सांगायला कोणाकडं काही नव्हतं. तसा दुसरा गोळा आकाशात सापडलेला नाही. हिवाळ्यांनी त्यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला आणि निवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी मृण्मयी त्यांच्या पाया पडायला गेली, तेव्हा त्यांनी तिला वाकू दिलं नाही. "तुझ्या जागी मीही तेरावाच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या. मृण्मयीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

ओजस आता सिन्नरला आईकडं असतो. उजवा हात चालतो, डावा चालत नाही. जुनं बरंच आठवतं. बाटली फुटल्याचं, तरंगत राहिल्याचं, अगदी बारीकसारीक. नवीन काही मात्र टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी जातं. शब्द सापडायला वेळ लागतो.

मृण्मयी दर महिन्याला जाते. पहिल्या खेपेला तो अंगणात खुर्चीवर बसला होता. आई त्याच्या ताटातली भाकरी कुस्करून देत होती. तिला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"ताई. दुर्बीण... वळली. मी बघितली. चमकली."

"हो, ओजू."

"मग मी... ते बंद केलं. थंड... थंडावा. तुला दिसायला." त्यानं मोठा श्वास घेतला. "दिसलो ना?"

त्या दिवशी तिनं त्याला सगळं सांगितलं. वाफेचं, सपाट रेघेचं, तेराव्या ठिपक्याचं, वाया गेलेल्या त्या वेळाचं. एकही गोष्ट लपवली नाही. तो ऐकत राहिला. मग लहान मुलासारखा रडू लागला, आणि आईनं ताट बाजूला ठेवून त्याला जवळ घेतलं. आई मृण्मयीला काहीच बोलली नाही. संध्याकाळी बसस्टँडवर सोडायला येतानाही नाही.

पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. तो तसाच बसला होता. तिला बघून तसाच हसला.

"ताई. दुर्बीण वळली ना... मग मी बंद केलं." तो शब्द शोधत थांबला. "दिसलो ना?"

आई चुलीपाशी होती. तिनं वळून मृण्मयीकडं पाहिलं.

मृण्मयी त्याच्या समोर जमिनीवर बसली. त्याचा चालणारा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"दिसलास," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी तूच दिसलास."

त्यानं समाधानानं मान हलवली. पुढचं तिनं सांगितलं नाही. आता दर महिन्याला तो विचारतो, आणि ती एवढंच सांगते.